कोटावरची खडूची खूण

प्रश्न : ताई, इटलीहून अमेरिकेला निघालेल्या एका जोडप्याची कादंबरी वाचतेय, राजवाड्यावर खरेदीला जायचं होतं तेही राहिलं. न्यूयॉर्कला तिला उतरू देतात, त्याला डोळ्यांपायी परत पाठवतात आणि मग वर्षानुवर्षं भेटच नाही. आमचे हे म्हणतात सगळं फिल्मी आहे. खरंच का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : अगं, मुळीच फिल्मी नाही! १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर बाहेरून येणाऱ्यांसाठी तपासणी केंद्र सुरू झालं, तिथं डॉक्टर पापणी उलटून बघायचे, कधी कधी तर बुटाची बटणं लावायच्या हुकानं, आणि खुपऱ्या म्हणजे ट्रॅकोमा या डोळ्यांच्या संसर्गजन्य आजाराचा संशय आला की कोटावर खडूनं खूण करायचे, आणि पुढच्या तपासणीत आजार पक्का ठरला तर बहुतेकदा परतीचं जहाजच. परत पाठवलेले एकूणात शेकडा दोनच्या आसपास, पण ज्या घरातलं माणूस गेलं त्यांना त्या दोनाचं काय गं. मला तर तो खडूचा प्रसंग वाचताना रडूच आलं.

आणि नंतर तो पुन्हा का नाही गेला, तर बघ, १९१५ ला इटली महायुद्धात उतरली, तरुण पोरं सैन्यात, १९१७ ला अमेरिकेनं वाचता येण्याची अट घातली आणि दक्षिण इटलीच्या खेड्यांत शाळा पाहिलेले किती असणार, शेवटी १९२४ च्या कायद्यानं अख्ख्या इटलीला वर्षाला फक्त ३,८४५ जागा. दारच बंद! पत्रं म्हणशील तर तीही दुसऱ्याकडून लिहून घ्यायची, त्यात मनातलं किती येणार?

ह्यांना तेवढं खडूचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखव.