देवघरामागच्या भिंतीला गोल्ड लीफ घरी लावता येतं का? टिकतं का, खर्च किती?

लावता येतं, मी लावलंय. पण "टिकतं का" वाचलं आणि राहवेना, यावरून आमच्याकडे तीन वर्षं भांडण चालू आहे.

आमची भिंत 3 बाय 2 फूट. लीफ म्हणजे वर्खासारखं पातळ पान, खऱ्या सोन्याचं 8 सेंटीमीटरचं, म्हणजे नव्वदेक पानं, परवडणारंच नव्हतं. म्हणून पितळी लीफ आणलं, ते 14 सेंटीमीटरचं, तीस-पस्तीस पानांत भागतं. भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी भरली, घासली, वर गेरूच्या रंगाचा एक हात दिला, म्हणजे पान फाटलं तरी मधून पांढरं दिसत नाही. मग साईझ, म्हणजे लीफचा गोंद. पाण्यातला असेल तर लावताना दुधासारखा दिसतो, पारदर्शक झाला की चिकट होतो, तेव्हाच पान ठेवायचं. एरवी वीसेक मिनिटं पुरतात, पण गणपती तोंडावर, बाहेर धो धो पाऊस, तास झाला तरी पांढराच! थांबले. पंखासुद्धा लावता येत नाही, पानं घरभर उडतात.

रात्री अकराला सगळं लखलखलं. आता वरून फक्त लाखेचं पॉलिश मारायचं, तर भावोजी म्हणाले, वहिनी कशाला, पिवळट पडेल, चमक जाईल. सासूबाईंनी मान डोलावली आणि झालं, राहिलं ते राहिलंच.

दिवाळीपर्यंत काळे-हिरवे डाग. भावोजींचा निकाल तयार, "माल डुप्लिकेट होता." अहो डुप्लिकेट काय, पितळच ते, तांबं आणि जस्त, उघडं ठेवलं तर काळं पडणारच, घरातली पितळी भांडी चिंचेने उगाच घासतात का? त्याच पाकिटातल्या उरलेल्या पानांची मी आरशाची फ्रेम केली, पॉलिशचे दोन हात मारून, बाथरूमच्या दाराशेजारी टांगलीय, दमटात, अजून जशीच्या तशी आहे. भावोजी येतात, त्याच आरशात भांग पाडतात आणि फ्रेमबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर भिंत मोजा, पानांचा हिशोब वर दिलाय, भाव दुकानात विचारा. खरं सोनं घेणार असाल तर काळं पडायची भीती नाही, पॉलिशचं एवढं मनावर घेऊ नका.

आणि हो, हातमोजे घाला, कापडी. डागांतले दोन अगदी अंगठ्याच्या आकाराचे होते, माझ्याच, घामट हाताने पान दाबलं होतं. पण उरलेली अख्खी भिंत काही माझ्या अंगठ्याने काळी पडली नाही.