‘मेंटल केस’ लिहिण्याआधी शुगर पाहिलीत का?

कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या परिचारिकांची पत्रं येतात, तेव्हा पाकिटं वेगळी असली तरी आतला गोंधळ तोच असतो. म्हणून काही प्रश्न एकदाच घेते.

मानसिक आजार आहे म्हणजे पेशंट अंगावर येणारच, असं धरून चालावं का?

नाही. बहुतेक मनोरुग्ण कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार खाण्याची वेळ त्यांच्यावरच जास्त येते. निदानापेक्षा दोन गोष्टी विचारा: यापूर्वी मारहाण केली होती का, आणि आज दारू किंवा नशा झाली आहे का.

पौर्णिमेच्या रात्री असे पेशंट वाढतात, हे खरं ना?

नाही. पौर्णिमेची गडबड लक्षात राहते, इतर रात्रींची विसरली जाते.

स्किझोफ्रेनियाचा जुना पेशंट. दोन दिवस असंबद्ध बडबड, भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, मला ढकललं. नेहमीचाच पेशंट, म्हणून बांधला आणि सकाळी मानसोपचारतज्ज्ञ येईपर्यंत थांबलो. चुकलं का?

चुकलं. आणि एकट्या तुमचं नाही.

‘नेहमीचाच पेशंट’ हे दोन शब्द मला शिवीगाळीपेक्षा जास्त धोकादायक वाटतात. केसपेपरवर जुनं निदान दिसलं की आपण पेशंटकडे पाहणं थांबवतो आणि निदानाकडे पाहू लागतो. स्किझोफ्रेनियात सहसा आवाज ऐकू येतात. किडे, प्राणी, माणसं दिसू लागली, लक्षणं एक-दोन दिवसांत उफाळली, पेशंट घटकेत शुद्धीवर आणि घटकेत भ्रमात असला, दिवस-रात्र कळेनाशी झाली, तर आधी शरीरात बिघाड शोधायचा. याला डिलिरियम म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो.

शुगर, ऑक्सिजन सॅच्युरेशन, ताप, नाडी, बीपी. यांना पाच मिनिटं लागतात. मग डोक्याला मार, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी. दारू कधी सुटली हे नातेवाइकांना नीट विचारा: रोज पिणाऱ्याची बंद झाली की साधारण दोन ते चार दिवसांत हाच प्रकार उसळतो, हात थरथरतात, घाम फुटतो. अशा वेळी थायामिनची, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाची, आठवण डॉक्टरांना करून द्या. मनोविकाराच्या गोळ्या चालू असताना ताप आणि अंग ताठरलेलं दिसलं, किंवा मूड स्थिर ठेवणारं लिथियम घेणारा थरथरत, झोकांड्या खात आला, तर सकाळची वाट पाहायची नसते.

मी शिकाऊ असताना एका ‘चावऱ्या’ पेशंटला आम्ही चौघांनी धरलं होतं. शुगर निघाली 38, म्हणजे धोकादायक कमी. ग्लुकोज गेलं, आणि थोड्याच वेळात त्याने मला पाणी मागितलं. चावा घेतल्याचं त्याला आठवतही नव्हतं. ‘मुद्दाम करतोय’ असं मला शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं, हे सांगायला आजही लाज वाटते.

मानसोपचारतज्ज्ञांना जरूर बोलवा, पण कॉल लिहिला म्हणजे तपासणी झाली असं होत नाही. ड्युटीवरच्या फिजिशियनना त्याच वेळी उठवा.

बांधायची वेळ आलीच तर पालथं झोपवावं का?

कधीच नाही, श्वास कोंडतो. डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय बांधू नका, एकजण सतत जवळ ठेवा, बोटांचा रंग आणि श्वास पाहत राहा, शक्य तितक्या लवकर सोडा. आणि शांत करणाऱ्या ओलान्झापिनच्या इंजेक्शनला जोडून लोराझेपाम या गुंगीच्या औषधाचंही इंजेक्शन कुणी सांगितलं, तर आधी पुन्हा विचारून खात्री करा.

‘आक्रमक पेशंट एका दिवसात काबूत’ अशा कोर्सची जाहिरात आली आहे. सर्टिफिकेटही देतात. करू का?

पैसे वाचवा. मनगट कसं पिरगाळायचं ते शिकवतील, आणि ते तुम्ही कॅज्युअल्टीत वापरलंत तर चौकशीला उभ्या राहाल. शिकायचं आहे ते बोलणं: एकानेच बोलायचं, दोन हातांचं अंतर ठेवायचं, बाहेरची वाट त्यालाही मोकळी आणि तुम्हालाही. छोटं वाक्य, मग गप्प राहणं, मग तेच वाक्य पुन्हा. हे सराव करून येतं. आपल्याच मानसोपचार विभागाला शिकवायला सांगा.

सिक्युरिटीला कधी बोलवावं?

खुर्ची फेकल्यावर नव्हे. नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट ही सहा खुणांची यादी आहे: गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, मारण्याचा आविर्भाव, वस्तूंची आदळआपट. तीन दिसल्या की माणसं हाताशी हवीत. फक्त त्यांनी दारात उभं राहावं, पलंगाला गराडा घालू नये. ही यादी तुमच्याकडे कशी वापरायची, ते इन्चार्ज सिस्टर आणि मानसोपचारतज्ज्ञांनी मिळून ठरवावं.

कानाखाली बसल्यापासून मला अशा पेशंटचा रागच येतो. इन्चार्ज म्हणतात, नोकरीचा भाग आहे. मी वाईट नर्स आहे का?

नाही. आणि मार खाणं हा नोकरीचा भाग नाही. घटना लेखी नोंदवा, स्वतःचा कान तपासून घ्या. राग येणारच, पण तो कुठे उतरतो ते पाहा: पुढच्या अशा पेशंटची शुगर उशिरा पाहिली जाते का, इंजेक्शन लवकर मागितलं जातं का? तसं होत असेल तर त्या रात्री तो पेशंट सहकाऱ्याकडे द्या. त्यात कमीपणा नाही. झोप उडाली असेल, ड्युटीला निघताना छातीत धडधडत असेल आणि महिना उलटूनही कमी होत नसेल, तर स्वतःसाठी अपॉइंटमेंट घ्या. ओळखीच्या डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलेला सल्ला यात धरत नाही.