दहा दिवसांत आठ बुद्धस्थळे?

प्रश्न : माझी आई अडुसष्ट वर्षांची असून तिचे गुडघे दुखतात. ती रोज सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणते आणि बोधगया एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढीच तिची इच्छा आहे. एका प्रवासी कंपनीने डिसेंबरअखेर दहा दिवसांत आठ बौद्ध स्थळे दाखवणारी सहल काढली आहे. द्राक्षबागेमुळे मला वरचेवर घर सोडता येत नाही, म्हणून एकाच फेरीत सगळे उरकावे असे वाटते. आपला सल्ला काय? (एक वाचक, तासगाव, जि. सांगली)

उत्तर : ही सहल आपण घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहांपैकी चार दिवस जाण्यायेण्याच्या प्रवासातच मोडतात. लुंबिनी नेपाळात, राजगृह (आजचे राजगीर) बिहारमध्ये आणि संकिसा थेट उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यात. एवढा मुलूख उरलेल्या सहा दिवसांत पालथा घालायचा तर आपल्या आईंना स्थळांपेक्षा बसची खिडकीच अधिक पाहावी लागेल. शिवाय डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा मध्य या काळात गंगेच्या खोऱ्यात दाट धुके उतरते, रेल्वेगाड्या तासन् तास रखडतात आणि सहलीचे वेळापत्रक कोलमडले की कात्री लागते ती थांबण्याच्या वेळेलाच.

आठ स्थळांची यादी पुढे परंपरेने रूढ झाली. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या महापरिनिब्बाण सुत्तात भगवान बुद्ध आपला शिष्य आनंद याला श्रद्धावंताने पाहावीत अशी चारच ठिकाणे सांगतात : जन्माचे (लुंबिनी), संबोधीचे (बोधगया), पहिल्या धम्मोपदेशाचे (सारनाथ) आणि महापरिनिर्वाणाचे (कुशीनगर). आपल्या आईंसाठी आम्ही त्यातूनही निवड करू. या खेपेस त्यांपैकी बोधगया आणि सारनाथ, आणि जोडीला राजगृह-नालंदा पाहावे. लुंबिनी आणि कुशीनगर ही दोन्ही गोरखपूरच्या बाजूने जवळ पडतात, म्हणून ती पुढच्या खेपेसाठी ठेवावीत.

कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस मिरजेला थांबते आणि दोन रात्रींच्या प्रवासानंतर थेट गयेला पोहोचवते. ती आठवड्यातून एकदाच सुटत असल्याने आधी तिचे आरक्षण करावे व मग बाकीचे बेत ठरवावेत, आणि आईंसाठी खालचा बर्थ आवर्जून मागावा. नोव्हेंबर हा हवेच्या दृष्टीने उत्तम महिना, परंतु फळछाटणीनंतरच्या फवारण्यांच्या दिवसांत बाग दुसऱ्याच्या भरवशावर सोडा, असे बागायतदाराला सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आपला माल फेब्रुवारीअखेर उतरत असेल, तर मार्चचा पहिला पंधरवडा धरावा. दुपारी ऊन जाणवते, पण पहाट आणि संध्याकाळ सुखाची असते.

बोधगयेत किमान तीन रात्री राहावे. महाबोधी विहार पहाटे पाच वाजता उघडतो आणि जायचे ते त्याच वेळी. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेर जमा करावा लागतो. आमच्या मते ही मोठीच सोय आहे. पादत्राणेही बाहेर ठेवावी लागतात आणि पहाटे फरशी गार असते, म्हणून आईंसाठी मोजे न्यावेत. विहाराच्या मागे, पश्चिमेला बोधिवृक्ष आणि त्याच्या मुळाशी वज्रासनाची, म्हणजे बुद्धांच्या संबोधीची जागा दाखवणारी, शिळा आहे. आजचा वृक्ष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जुना कोसळल्यानंतर, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांच्या देखरेखीखाली लावलेल्या रोपाचा आहे. त्याची पाने तोडू देत नाहीत. त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली की देशोदेशींचे उपासक मान वर करून बसतात आणि एखादे पान गळले की चार-पाच हात एकदम पुढे होतात. हिवाळ्यात तिबेटी यात्रेकरू लाकडी फळ्यांवर साष्टांग नमस्कार घालतात. तळहात घासून घासून त्या फळ्यांना जी चकाकी आलेली असते, ती जवळून पाहण्याजोगी आहे. तिथे वंदना म्हणायला कोणाची आडकाठी नसते. दान द्यायचे ते पेटीत टाकावे किंवा पावती घेऊन द्यावे. रस्त्यात गाठून वर्गणी मागणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा.

राजगृहाला रत्नगिरी टेकडीवरील विश्वशांती स्तूपाकडे रोपवेने जाता येते. जुन्या रोपवेच्या एकआसनी खुर्च्या न थांबता सरकत असतात आणि चालत्या खुर्चीतच पटकन बसावे लागते, म्हणून आईंना बंद डब्यांच्या नव्या रोपवेनेच न्यावे. बुद्धांनी जिथे उपदेश केला त्या गृध्रकूट टेकडीच्या पायऱ्या गुडघ्यांना सोसतील की नाही, हे तिथे पाहून ठरवावे. नालंदा तेथून सुमारे १२ किलोमीटरवर असून जमीन बहुतांशी सपाट आहे. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते आणि अशोकाचे सिंहशीर्ष तिथेच आहे, तेव्हा शुक्रवार प्रवासात घालवावा.

प्रश्न : लुंबिनीला जाण्यासाठी आधार कार्ड पुरेसे आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : १५ ते ६५ वर्षे वयाच्या भारतीय नागरिकांना नाही. त्यांनी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र न्यावे. त्याहून लहान अथवा मोठ्यांना आधार चालते. व्हिसा लागत नाही. बहुतेक यात्रेकरू सीमेवरील सोनौली नाक्यावरून जातात.

प्रश्न : आमच्या गावाशेजारी आगाशिवच्या डोंगरात लेणी आहेत. उत्तरेतील बुद्धस्थळांशी या भागाचा काही जुना संबंध आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : निश्चित आहे, आणि तो दगडावर लिहिलेला आहे. आगाशिवची साठहून अधिक लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. ती साधी, बव्हंशी नक्षीविरहित आहेत : भिक्खूंच्या लहान खोल्या, त्यांत दगडी ओटे आणि पाण्याची टाकी. त्यांना ज्या नगरीचा आधार होता, ती कराड नगरी तेव्हा दूरवर परिचित होती. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात भारहूत येथे इसवी सनापूर्वीचा स्तूप होता. त्याच्या कठड्यावर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली असून त्यांत ‘करहकट’ हे गाव येते. हे गाव म्हणजे आजचे कराड, असे अभ्यासक मानतात. कठड्याचा मोठा भाग आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. विशेष म्हणजे कठड्यावरील या दानलेखांपैकी एक लेख कोणा धनिकाच्या नावाचा नसून ‘करहकट निगमाचे दान’ असा आहे. म्हणजे ती साऱ्या बाजारपेठेने मिळून पाठवलेली वर्गणी होती.