वाचकांचे प्रश्न : आजोबांची तलवार, वाड्यातली बंदूक

प्रश्न (पारोळा, जि. जळगाव) : माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते आणि १९४६ साली पलटणीबरोबर जपानला जाऊन आले. त्यांनी आणलेली तलवार दर खंडेनवमीला पूजेत ठेवली जाते आणि पात्याला हळदकुंकू लावले जाते. आता पात्यावर बोटांच्या आकाराचे काळे डाग दिसतात व मूठही हलते. बाजारातला धारवाला चाकावर घासून ती नव्यासारखी करून देतो म्हणतो. तशी करून ती बैठकीत काचेच्या पेटीत मांडावी का? आणि ती जुनी आहे की लष्करी कारखान्यातली, हे घरी ओळखता येते का?

उत्तर : धारवाल्याला आधी नाही म्हणून सांगावे. जपानी लोहार पाते पाण्यात बुडवण्यापूर्वी त्यावर मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. त्यामुळे धार कडक होते, पाठ चिवट राहते, आणि दोन्हींच्या सीमेवर धुरकट, लाटेसारखी रेघ उमटते. तिला हामोन म्हणतात आणि जाणकार सर्वांत आधी तीच पाहतो. चाकाच्या उष्णतेने धारेचा कडकपणा उतरतो, हामोन पुसट होतो, आणि एकदा घासून गेलेले पोलाद काही परत येत नाही. आपले डाग घामातल्या क्षारांचे व कुंकवातल्या ओलाव्याचे आहेत. पूजा अवश्य करावी. कुंकू मात्र तलवार ज्या चौरंगावर ठेवता त्या चौरंगाला लावावे.

मूठ हलते आहे तोवर तलवार कोणी उचलून फिरवू नये, कारण पाते मुठीत बहुधा बांबूच्या एकाच खुंटीवर अडकवलेले असते आणि ती सुकून सैल झाली तर पाते निसटू शकते. खुंटीच्या बारीक टोकाकडून लाकडी काडीने हलके ठोकल्यास ती बाहेर येते. न आल्यास जोर करू नये. मूठ निघाली की आत शिरणारा पात्याचा भाग दिसेल, त्याला नाकागो म्हणतात. त्यावरचा तपकिरी-काळा गंज चुकूनही खरवडू नये, कारण पात्याचे वय जाणकार त्या गंजाच्या रंगावरून आणि पोतावरून जोखतात. स्वच्छ केलेला नाकागो म्हणजे शाई पुसलेला दस्तऐवज. तेथे कोरलेली अक्षरे असतील तर तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. एका बाजूला लोहाराचे नाव आणि दुसरीकडे काळ असू शकतो. शोवा या जपानी शकातील वर्ष दिले असेल तर त्यात १९२५ मिळवावे, म्हणजे शोवा १७ हे १९४२ होय. नावावर एकदम विसंबू नये, नामांकित लोहारांच्या खोट्या सह्या जपानमध्ये शतकानुशतके कोरल्या गेल्या आहेत.

बाहेरच्या साजावरून मात्र निष्कर्ष काढू नये. पाते यंत्रावरचे असून त्यावर अनुक्रमांक असेल, आणि मूठ ओतीव धातूची असून तिच्यावर फितीच्या गुंडाळणीचा नुसता आभास असेल, तर ती १९३५ च्या नमुन्याची कनिष्ठ हुद्देदारांची तलवार आहे. पण अनेक जपानी अधिकाऱ्यांनी घराण्यातले जुने पाते लष्करी मुठीत बसवून घेतले होते, आणि शिवाय युद्धानंतर ताबा घेणाऱ्या सैन्याने नागरिकांच्या घरांतूनही तलवारी जमा केल्या. त्यामुळे साध्या लष्करी म्यानातून तीनशे वर्षांपूर्वीचे पाते निघण्याची शक्यता असते.

पाते हाताने न शिवता मऊ सुती कापडाने पुसून त्यावर हलक्या यंत्रतेलाचा अगदी पातळ थर द्यावा. तिळाचे वा शेंगदाण्याचे तेल चिकट होऊन बसते. मांडताना धार वर आणि मूठ डावीकडे ठेवण्याची रीत आहे. पेटीला कुलूप असावे, आत ताज्या प्लायवूडचा वास नसावा आणि दिवा तर नकोच. खान्देशातल्या वैशाखात उन्हाच्या भिंतीला लावलेल्या म्यानाचे लाकूड तडकते आणि पावसाळ्यात तेच म्यान ओल धरते. म्हणून आतल्या भिंतीची जागा निवडावी व आषाढापासून दर महिन्याला पाते तपासावे. नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत येते, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडून लेखी मार्गदर्शन घेतल्याशिवाय ती बैठकीत मांडू नये.

प्रश्न (शिरपूर, जि. धुळे) : आमच्या वाड्यातली तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी, बंदूक जपानी आहे, असे एक व्यापारी म्हणतो. कसे ओळखावे?

उत्तर : त्याआधी ती भरलेली नाही ना, हे पाहावे. तिच्याजवळ कोणीही बत्ती किंवा काडी नेऊ नये, कारण काळी दारू कोरडी राहिली तर दीर्घकाळ धोकादायक असते. गज नळीत हलकेच सोडून तो थांबला की नळीच्या तोंडाशी गजावर खूण करावी आणि तेवढे अंतर बाहेरून मोजावे. तो रंजकाच्या, म्हणजे आधी पेट घेणाऱ्या दारूच्या, भोकापर्यंत पोचत नसेल, तर आत काहीतरी आहे असे धरून चालावे, उकरू नये आणि परवानाधारक कारागिराला किंवा पोलिसांना कळवावे.

जपानी बंदुकीचा दस्ता आखूड व वाकडा असतो आणि तो खांद्याला नव्हे, गालाला टेकवतात. कुलूप, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, पितळी असून स्प्रिंगही बहुधा बाहेरून दिसते. घोडा दाबताच तोड्याचा चिमटा झटक्याने रंजकावर पडतो. आपल्याकडच्या बंदुकीत चिमटा दस्त्याच्या खाचेतून घोडा दाबू तसा सावकाश उतरतो, आणि लांब नळी अनेकदा पट्ट्यांनी वा तारेने दस्त्याशी बांधलेली असते. जपानी नळी तलवारीच्या मुठीप्रमाणेच आडव्या खुंट्यांनी बसवतात. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर आलेल्या पोर्तुगीजांकडून हे शस्त्र जपानला मिळाले आणि त्या झटक्याच्या कुलपाची घडण गोवा-मलाक्काकडची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा दोन्ही बंदुका दूरच्या नातलगच म्हणायच्या. आपली बंदूक पट्ट्यांनी बांधलेली असेल तर ती बहुधा येथलीच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न (नंदुरबार) : चोरबाजारात घेतलेली जपानी तलवारीची काळी चकती चमकवावी का?

उत्तर : नाही. मूठ व पाते यांच्यामध्ये बसणाऱ्या त्या चकतीला त्सुबा म्हणतात आणि तिचा काळेपणा कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. लोखंडावर तो गंजाचा मुरवलेला थर असतो, तर शाकुदो या तांब्यात थोडे सोने मिसळलेल्या धातूवर तो रासायनिक प्रक्रियेने येतो. पितळ घासायची पूड लावून घासल्यास खाली साधे तांबडे तांबे उघडे पडेल. भिंगाने मधल्या भोकाच्या कडा मात्र नीट पाहाव्यात : तेथे ओतकामातले बारीक बुडबुडे दिसले, तर ती बहुधा अलीकडची नक्कल आहे आणि मग ती हवी तशी चमकवावी.