प्रबंध माझा, लेख सरांच्या नावावर

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या एका महाविद्यालयातून मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं. वर्षभर ओहोटीच्या वेळा धरून खाडीत उतरले, तिसऱ्यांचे, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचे, नमुने गोळा केले, मोजले. तेव्हा मार्गदर्शक होते त्याच सरांकडे आता पीएच.डी. करते आहे. माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधातली दोन प्रकरणं जवळजवळ जशीच्या तशी एका नियतकालिकात आली आहेत, सर आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या नावानं. माझं नाव फक्त आभारात. सर म्हणतात, "प्रबंध जमा केलास तेव्हाच तो कॉलेजचा झाला." पोलिसांत जाऊ का?

उत्तर : ताई, सरांचं म्हणणं कायद्याला धरून नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे लिखाणाचा पहिला मालक ते लिहिणारा. नोकरीत केलेल्या कामाला अपवाद आहे, पण तुम्ही विद्यार्थिनी होतात, कुणाच्या नोकरीत नव्हतात. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ नुसार तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. ऑफिसच्या खिडकीवर प्रबंध जमा केल्यानं हक्क जात नाही. प्रवेशाच्या वेळी एखाद्या हमीपत्रावर सही केली असेल तर ते काढून वाचा. पण समजा, सगळं लिहून दिलं असेल, तरी कलम ५७ उरतंच. हे लिखाण माझं आहे, असं सांगण्याचा लेखकाचा हक्क मालकी गेल्यावरही टिकतो. आभाराच्या एका ओळीनं तो फिटत नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. कॉपीराइट शब्दांना मिळतो. कल्पनेला किंवा नुसत्या आकड्यांना नाही. सरांनी तुमची मोजमापं घेऊन सगळं नव्या वाक्यांत लिहिलं असतं, तर कोर्टात तुमची बाजू फार लंगडी पडली असती. वाक्यंच उचलली आहेत, म्हणून दावा उभा राहतो. संशोधनाची नीती मात्र कायद्याच्या चार पावलं पुढे आहे. कोर्ट विचारतं, वाक्यं कुणाची? संपादक विचारतो, काम कुणाचं? चिखलात उभं राहून नमुने गोळा करणं आणि त्यांचं विश्लेषण करणं हा भरीव वाटा आहे. असा वाटा असलेल्याला लेखाचा मसुदा दाखवायचा, त्यावर काम करायची संधी द्यायची, ही जगभरची मान्य रीत आहे. म्हणून मी तुम्हाला आधी संपादकाकडे पाठवीन.

प्रबंध आणि लेख यांतले उतारे शेजारी शेजारी मांडून पत्र लिहा. भाषा सौम्य ठेवा, तारखा पक्क्या. प्रकाशन-नीतीसाठी १९९७ पासून काम करणाऱ्या 'कोप' (COPE) या संस्थेचं मार्गदर्शन असं आहे की लेखकत्वाच्या वादात संपादकानं स्वतः निवाडा करू नये, लेखक जिथे काम करतात त्या संस्थेला चौकशी करायला सांगावं. म्हणून त्याच दिवशी महाविद्यालयाकडेही तक्रार द्या आणि पोच घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनुसार विभागाच्या समितीनं ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सरच विभागप्रमुख असतील तर अर्ज थेट प्राचार्यांच्या हाती द्या. साम्य ६० टक्क्यांवर निघालं तर लेख मागे घ्यावा लागतो, लागोपाठ दोन वेतनवाढी जातात आणि तीन वर्षं नवे संशोधक विद्यार्थी मिळत नाहीत.

पोलिसांचा रस्ता बंद नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र ठरवला आहे. तरीही आज तिकडे जाऊ नका. तुम्हाला हवं आहे ते लेखावर तुमचं नाव, आणि ते फौजदारी खटल्यातून येत नाही. संपादक आणि कॉलेज दोघंही गप्प बसले तर दिवाणी दावा करू. प्रकाशक कुठलाही असो, कलम ६२ मुळे तो तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. मुदत तीन वर्षांची.

मला खरी काळजी आहे ती तुमच्या पीएच.डी.ची. पत्रं जाण्याआधी मार्गदर्शक बदलून मिळण्याचा लेखी अर्ज करा आणि आजवरच्या प्रगती-अहवालांच्या सहीच्या प्रती घरी आणून ठेवा. सरांना पाठवलेले मसुद्यांचे ईमेल पुसू नका. आणि खाडीवर नेत होतात ती वही, जिच्यात रोजची ओहोटीची वेळ आणि मोजणी लिहिली आहे, ती स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवायला घेऊ नका. डाग पडलेली, आहे तशीच घेऊन या.