मंडलेश्वरचा वाडा आणि निवृत्तीची पुंजी

इंदूरच्या रामबागेतील एका निवृत्त शिक्षक दांपत्याचे पत्र आले आहे. मध्य प्रदेशच्या निमाड भागातील मंडलेश्वरजवळ आजोबांचा चार खोल्यांचा वाडा आणि सहा एकर शेती आहे. 42 लाखांच्या बचतीपैकी 30 लाख घालून तिथे शहरातल्या लोकांसाठी विश्रांतिस्थळ उभारावे का, असे ते विचारतात. खोलीमागे रात्रीचे 2,500 रुपये मिळतील आणि वर्षातून 200 रात्री वाडा भरलेला राहील, असा त्यांचा हिशेब आहे.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात ओसरीवरचा झोपाळा पाहून मलाही तिथे चार दिवस राहावेसे वाटले. मात्र मधल्या खणात तुळईखाली लोखंडी पाइपाचा टेकू दिसतो. तो आहे तोवर त्या खोलीत पाहुण्याला झोपवता येणार नाही, आणि जुन्या लाकडाला वाळवी किती लागली आहे हे छत उघडल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे खर्च 30 लाखांवर थांबेल, असे मी धरत नाही.

त्याहून मोठी अडचण कागदांची आहे. खसऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचे नाव आहे, भाऊ पुण्याला आणि बहीण देवासला असते, असे आपण लिहिता. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि आपल्या आत्यांचा हक्कही तपासावा लागेल. वाटणी न झालेल्या वाड्यावर आपण केलेल्या खर्चाचा लाभ सगळ्याच वारसांना मिळतो. पुढे कोणी वाटा मागितला, तर आपले पैसे वेगळे काढणे फार कठीण होते. म्हणून आधी नामांतरण, म्हणजे नोंदीवर वारसांची नावे लावणे, मग नोंदणीकृत वाटणी किंवा हक्कसोडपत्र. भावंडांना वाटा सोडायचा नसेल, तर त्यांच्याकडून दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा घ्यावा.

आता रात्रींचा हिशेब. निमाडच्या उन्हाळ्यात आणि भर पावसाळ्यात तिथे फारसे कोणी येणार नाही. ऑक्टोबर ते मार्चमधले शनिवार-रविवार आणि सणांच्या सुट्ट्या मिळून 70 रात्री धराव्यात, आणि त्यांतही चारपैकी तीनच खोल्या लागतील. म्हणजे 210 खोली-रात्री, 5,25,000 रुपये. वाडा राखणाऱ्या जोडप्याला महिना 18,000 दिले, तर वर्षाचे 2,16,000 जातात. जेवण आणि धुलाई खोलीमागे 700 धरली तर 1,47,000. वीज, विमा, डागडुजी आणि बुकिंगचे कमिशन यांना आणखी सव्वा लाख. हातात राहतात 37,000. हेच 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवले, तर दर तिमाहीला 61,500, वर्षाला 2,46,000 मिळतात. व्याज करपात्र आहे, पण त्यासाठी तुळई बदलावी लागत नाही. 2028 चा उज्जैनचा सिंहस्थ आपण हिशेबात धरला आहे, पण तोही एप्रिल-मेच्या उन्हात येतो आणि दोन महिन्यांत संपतो.

कराची एक बाजू आपल्या पत्रात नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असते, खोल्यांचे भाडे नसते. तसेच गावाकडची शेतजमीन विकताना मिळणारी भांडवली नफ्यावरच्या करातली सूट, डायव्हर्शन केलेल्या, म्हणजे बिगरशेती वापराला वळवलेल्या, तुकड्याला राहत नाही. म्हणून डायव्हर्शन लागेलच तर वाडा आणि अंगणापुरतेच करावे, सहाही एकरांचे कदापि नाही.

माझे मत असे की 30 लाख घालू नयेत. वारसांचे कागद झाल्यावर, टेकूपासून दूरच्या दोन खोल्या सहा लाखांच्या आत राहण्याजोग्या कराव्यात, मध्य प्रदेश टुरिझम बोर्डाकडे होमस्टेची नोंदणी करावी आणि दोन हिवाळे चालवून पाहावे. तीस लाख तोवर बचत योजनेतच ठेवावेत. उरलेल्या सहा लाखांना आजारपणासाठी म्हणून हात लावू नये. मंडलेश्वरला राहायला गेलात, तरी मोठ्या इस्पितळासाठी आपल्याला इंदूरच गाठावे लागेल.

मिस्त्रीला पुढच्या महिन्यात छत उघडून पाहायला सांगा, आणि बहिणीशी मात्र त्याच्याही आधी बोला.