साउंड कार्ड एक, प्रोग्राम चार : सॅम्पल रेटबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : नवीन यूएसबी इंटरफेस (माइक जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड) घेतला. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की ब्राउझरचा आवाज गायब. ब्राउझर आधी चालू असेल तर सॉफ्टवेअर एरर देतं. इंटरफेस परत करू का?

अजिबात नको, इंटरफेस ठणठणीत आहे. बघा, कार्डात घड्याळ एकच असतं आणि ते एका वेळी एकाच वेगाने चालतं, सेकंदाला बहुधा 44,100 नाहीतर 48,000 सॅम्पल, म्हणजे आवाजाची इतकी मोजमापं; हाच सॅम्पल रेट. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, मीटिंग हे सगळे विंडोजच्या मिक्सरमधून जातात, आणि मिक्सर एक रेट धरून बसतो, वेगळ्या रेटचं काही आलं तर ते स्वतःच बदलून घेतो, म्हणून तर चार प्रोग्राम एकत्र वाजतात. रेकॉर्डिंगवाले मात्र एएसआयओ नावाचा वेगळा मार्ग वापरतात, म्हणजे मिक्सरला वळसा घालून थेट ड्रायव्हरकडे (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), कारण लेटन्सी, म्हणजे आवाजाला लागणारा उशीर, कमी हवी असते. आता प्रोजेक्ट 44,100 चा आणि विंडोज 48,000 वर असेल तर एकाच घड्याळावरून दोघांची ओढाताण, आणि बहुतेक वेळा जो आधी आला तो जिंकतो.

जुन्या कंट्रोल पॅनलमधल्या साउंडमध्ये जा, प्लेबॅक, इंटरफेसच्या प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, तिथे डिफॉल्ट फॉरमॅट असतो, तो आणि प्रोजेक्टचा रेट एकच करा. रेकॉर्डिंग टॅबमध्ये पण तेच करा, लोक हे हमखास विसरतात. तिथेच खाली एक्सक्लुझिव्ह कंट्रोलची (एकाच प्रोग्रामला कार्डाचा पूर्ण ताबा देणारी) टिक आहे ती काढा. एवढं करूनही जमलं नाही तर तुमचा ड्रायव्हर एका वेळी एकालाच आत घेणारा असेल, मग ब्राउझरला लॅपटॉपच्या स्वतःच्या कार्डावर पाठवा, भांडणच संपतं.

प्रश्न : काळी एकमध्ये अभंग गायलो, भावाने तो त्याच्या व्हिडिओत टाकला तर फास्ट आणि चढा वाजतोय. पेटीशी जुळतच नाही.

फाइल 44,100 ची, आणि मधे कोणीतरी ती 48,000 समजून वाजवली. वेग जवळपास 8.8 टक्के वाढतो, पाच मिनिटांचा अभंग साधारण 4 मिनिटं 36 सेकंदांत संपतो आणि सूर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधेच कुठेतरी लटकतो, मग पेटीशी जुळणार कसा! पण गाणं बिघडलेलं नाही, सॅम्पल सगळे जागेवर आहेत. कृपा करून पिच खाली आणायचा इफेक्ट लावू नका, त्याने आवाज खरंच खराब होतो. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये ट्रॅकच्या मेनूत रेट असतो तो 44,100 करा, अभंग लगेच पट्टीत येईल, आणि मग रिसॅम्पल करून, म्हणजे सूर-वेग तोच ठेवून रेट बदलून, 48,000 ची फाइल भावाला द्या.

हे दोन आकडे आले कुठून असंही तुम्ही विचारलंय. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे, चित्राच्या एका रेघेत तीन सॅम्पल, फील्डमध्ये (अर्ध्या चित्रात) वापरातल्या 245 रेघा, सेकंदाला 60 फील्ड, गुणाकार करा, बरोबर 44,100. युरोपातल्या टेपवर 294 रेघा आणि 50 फील्ड, तरी तेच उत्तर. 1982 मध्ये सीडी तोच आकडा घेऊन आली, व्हिडिओवाले 48,000 वर गेले, आणि आपण अजून दोन्ही सांभाळतोय.

प्रश्न : ऑनलाइन गाण्याच्या क्लासला ब्लूटूथ हेडफोन लावला की तानपुरा फोनवर ऐकल्यासारखा येतो.

माइक चालू झाला की नेहमीचे ब्लूटूथ हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातात, तिथे रेट 8,000 किंवा 16,000, तोही मोनो. तानपुऱ्याची सगळी झणकार त्यात जाते. क्लासच्या ॲपमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, हेडफोन फक्त ऐकायला. जमलं तर वायरचाच वापरा, गाणं शिकताय तर एवढं कराच.

प्रश्न : दोन यूएसबी माइक, दोन्ही 48,000 वर, तरी तासाभराने आवाज मागेपुढे होतात.

दोन माइक म्हणजे दोन घड्याळं, आणि दोन्हींवर 48,000 लिहिलेलं असलं तरी घड्याळाचा वेग ठरवणारे क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत 50 चा फरक असला तरी तासाला 0.18 सेकंद होतात, आणि एवढं कानाला कळतं. कायमचा उपाय म्हणजे दोन इनपुट असलेला एकच इंटरफेस आणि त्याला चालणारे साधे माइक. तोपर्यंत रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवा, एडिट करताना पहिल्या टाळीवर ट्रॅक जुळवा आणि दुसरी टाळी जुळेपर्यंत एक ट्रॅक किंचित ताणा.